छप्पर काढलेलं शहर

१९९७च्या पावसाळ्यात मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो आणि रविवार आला की मामाकडे जाऊन बसायचो. मामाकडे कॉम्प्युटर होता, आणि मामेभावाने, म्हणजे दादाने, मित्राकडून एका गेमची सीडी आणली होती. पडद्यावर नखशिखान्त लाल चिलखतातला एक माणूस. हेल्मेटमुळे त्याचं तोंड दिसत नाही, तो बोलतही नाही. एका कारखान्यात तो एकटाच शिरलाय आणि आपण त्याच्याकडे उंचावरून, खोलीच्या कोपऱ्याकडून पाहतोय. टेबलं, पाइप, सरकते पट्टे, पहारेकरी, सगळं कागदावर आखल्यासारखं नीट. मामी चहा घेऊन आली, आमच्या मागे उभी राहून बघत राहिली आणि म्हणाली, "काय रे, भिंती आहेत, दारं आहेत, माणसं आहेत, मग या घराला छप्पर कसं नाही?"

"अगं आई, छप्पर असतं तर आतलं दिसलं असतं का?" पडद्यावरची नजर न काढता दादा म्हणाला.

उत्तर चूक नव्हतं, पण मला ते पुरलं नाही. छप्पर काढायचं कुणी ठरवलं? ही कोपऱ्यातून बघण्याची रीत आली कुठून? आणि अशा गेममधलं जग नेहमी एवढं भीषण का? मामीच्या त्या एका प्रश्नामागे मी बरीच वर्षं फिरलो. त्या फिरण्याचा हा मागोवा.

लाल चिलखतातला माणूस

गेमचं नाव 'क्रुसेडर : नो रिमोर्स'. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरात ओरिजिन सिस्टम्स नावाचा स्टुडिओ होता, तिथे तो टोनी झुरोवेक यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला आणि १९९५ साली डॉसवर आला. कथा बाविसाव्या शतकाच्या शेवटची, २१९६ सालातली. देशोदेशींची सरकारं नावापुरती उरली आहेत आणि जगाचा कारभार 'वर्ल्ड इकॉनॉमिक कन्सॉर्शियम' नावाच्या एका आर्थिक महासंघाच्या हातात आहे. या महासंघाचे सर्वांत कडवे सैनिक म्हणजे 'सायलेन्सर'. लाल चिलखत हा त्यांचा गणवेश.

तीन सायलेन्सरांना निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडायचा हुकूम मिळतो आणि ते तो पाळत नाहीत. परतीच्या वाटेवर त्यांच्यावरच हल्ला होतो. दोघे मरतात. तिसरा वाचतो आणि ज्यांना मारण्यासाठी त्याला घडवलं, त्या बंडखोरांच्याच तळावर जाऊन उभा राहतो. तो तिसरा म्हणजे आपण.

बंडखोर त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत. लाल चिलखत पाहिलं की त्यांचे जुने घाव उघडतात. तळावर लोक टोमणे मारतात, अंतर राखतात. वीझल नावाचा काळ्या बाजारवाला पैसे मोजून घेऊन बंदुका विकतो. प्रत्येक मोहिमेनंतर खरे नट असलेली छोटी चित्रफीत दिसते आणि दर वेळी कुणीतरी या मुक्या माणसाला काहीतरी सुनावून जातं. तो ऐकून घेतो. अशा पंधरा मोहिमांतून तो 'व्हेट्रॉन' या अंतराळतळापर्यंत पोचतो. पृथ्वीवर हवा तिथे मारा करता यावा म्हणून महासंघाने उभारलेलं ते अस्त्र.

सोप्या शब्दांत ही हुकूम नाकारणाऱ्या सैनिकाची गोष्ट आहे. ती कुठल्या कोनातून सांगितली, याला मी फार महत्त्व देतो. त्या कोनासाठी गेमच्याही पावणेदोनशे वर्षं मागे जावं लागतं.

केंब्रिजमधली सुटी चाकं

विल्यम फॅरिश हे केंब्रिज विद्यापीठातले प्राध्यापक. इंग्लंडमध्ये यंत्रयुग जोरात होतं आणि कारखान्यांतली यंत्रं कशी चालतात हे ते विद्यार्थ्यांना चालत्या प्रतिकृती दाखवून शिकवत. प्रत्येक यंत्राची वेगळी प्रतिकृती करून ठेवायला जागा आणि पैसा दोन्ही लागणार. म्हणून त्यांनी चाकं, दांडे, पकडी असे सुटे भाग करून घेतले. व्याख्यानाआधी त्यांतून एक यंत्र जोडायचं, व्याख्यान झालं की सोडवायचं आणि त्याच भागांतून पुढच्या वेळी दुसरं जोडायचं. अडचण एकच होती. जोडणी करणाऱ्या मदतनिसाला कुठला भाग कुठे बसतो हे कळायला चित्र हवं, आणि साध्या चित्रात लांबचं लहान नि जवळचं मोठं दिसत असल्यामुळे त्यावरून मापं घेता येत नाहीत.

त्यासाठी फॅरिश यांनी १८२२ साली 'आयसोमेट्रिकल पर्स्पेक्टिव्ह'वर निबंध लिहिला. लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही दिशा कागदावर एकमेकींशी १२० अंशांचा कोन करतात आणि तिन्हींवर एकच माप चालतं. लांबची वस्तू लहान होत नाही. क्षितिज नाही, समांतर रेषा कधी एकमेकींना भेटत नाहीत. एका चित्रात वस्तूच्या तीन बाजू दिसतात आणि पट्टी लावून प्रत्येक बाजू मोजता येते.

इंजिनिअरिंग किंवा आयटीआय केलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. मामाकडचा रविवार संपला की सोमवारी मला ड्रॉइंग हॉलमध्ये तेच करावं लागे. बोर्डावर शीट क्लिपांनी बसवायची, मिनी ड्राफ्टर लावायचा, ३०-६०चा सेटस्क्वेअर सरकवत टोकदार पेन्सिलीने तिरक्या रेषा मारायच्या. आयसोमेट्रिक स्केल काढताना खऱ्या मापाला ०.८१६ने गुणायचं. शीटवर ब्रॅकेट किंवा बेअरिंगचा ठोकळा हळूहळू उभा राहिला की एका क्षणी कागद कागद राहत नाही, त्यावर वस्तू ठेवल्यासारखी वाटते. एका सोमवारी तो क्षण आला आणि माझा हात थांबला. कालचा कारखाना याच रेषांवर उभा होता.

फॅरिश यांनी या रीतीला शास्त्र दिलं. समांतर तिरक्या रेषांनी घर दाखवण्याची नजर मात्र कितीतरी जुनी आहे. बाराव्या शतकातल्या जपानी गेंजी चित्रगुंडाळ्यांमध्ये चितारी राजवाड्याचं छप्परच काढून टाकतात आणि आपण तिरकं वरून आतल्या दालनांत पाहतो. या रीतीला जपानीत 'फुकिनुकि याताई' म्हणतात, म्हणजे छप्पर उडालेलं घर. आपल्याकडच्या मुघल आणि पहाडी लघुचित्रांमध्येही महालाच्या भिंती अशाच तिरक्या समांतर धावतात, अंगण वरून उघडं दिसतं आणि गच्चीवरची नायिका नि खालचा पहारेकरी एकाच चित्रात मावतात. मामीच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथे मिळतं. छप्पर काढायचं ठरवलं गोष्ट सांगणाऱ्याने, कारण त्याला आतलं आणि बाहेरचं एकाच वेळी दाखवायचं होतं.

दोन घरं आडवी, एक घर खाली

१९८०च्या सुमाराच्या घरगुती संगणकांना खोलीचा भास निर्माण करणं झेपत नसे. खरं पर्स्पेक्टिव्ह दाखवायचं तर वस्तू हलली की तिचा आकार पुन्हा गणिताने काढावा लागतो. आयसोमेट्रिकमध्ये ती गरजच उरत नाही. वस्तू पडद्यावर कुठेही असो, तिचा आकार तोच. एक ठोकळा एकदा काढला की तो हजार ठिकाणी मांडता येतो. मागचा आधी, पुढचा नंतर असा क्रम पाळला की पुढची भिंत मागच्याला आपोआप झाकते. सुट्या चाकांतून यंत्र जोडणाऱ्या फॅरिश यांच्या मदतनिसाचं काम आता संगणक करू लागला.

एक तडजोड मात्र करावी लागली. पडद्यावरचं चित्र चौकोनी ठिपक्यांचं. त्यावर बरोबर तीस अंशांची रेषा मारली तर ती वेडीवाकडी, दातेरी दिसते. दोन ठिपके आडवे, एक खाली, पुन्हा दोन आडवे, एक खाली असं गेलं तर रेषा नियमित दिसते. तिचा कोन भरतो सुमारे साडेसव्वीस अंश. काटेकोर बोलायचं तर ते आयसोमेट्रिक नाही, पण गेमच्या दुनियेने नाव तेच ठेवलं. 'क्रुसेडर'मधल्या भिंतीही याच प्रमाणात धावतात.

१९८२ साली सेगाचा 'झॅक्सन' आर्केडमध्ये आला. त्याचं नावच अ‍ॅक्सोनोमेट्रिक या शब्दावरून घेतलं होतं. विमान तिरकं उडतं आणि किती उंचावर आहे ते जमिनीवरच्या सावलीवरून नि बाजूच्या पट्टीवरून ओळखायचं. १९८३ साली सँडी व्हाइट यांनी झेडएक्स स्पेक्ट्रम या छोट्याशा संगणकावर 'अँट अटॅक' आणला. मुंग्यांनी व्यापलेलं तटबंदीचं शहर आणि त्यात अडकलेल्या माणसाची सुटका. पुढच्या वर्षी इंग्लंडमधल्या स्टॅम्पर बंधूंनी 'नाइट लोर' काढला. खोलीच्या मागच्या दोन भिंती उभ्या, पुढच्या दोन आणि छप्पर गायब, आणि पात्र एखाद्या वस्तूमागे गेलं की बरोबर झाकलं जातं. सगळं ४८ किलोबाइटमध्ये. आज मोबाइलवरून पाठवलेला साधा फोटोसुद्धा त्याहून कितीतरी जड असतो.

१९८९ साली ब्रिटनमधल्या बुलफ्रॉग स्टुडिओने 'पॉप्युलस'मध्ये खेळणाऱ्याला देवाच्या जागी बसवलं. वरून बघायचं, जमीन उचलायची, बुडवायची. चार वर्षांनी, १९९३ साली, याच स्टुडिओने 'सिंडिकेट' आणला आणि देवाच्या जागी कंपनीचा अधिकारी आला. नागरिकांच्या मानेत चिप बसवलेली. अधिकारी चार यंत्रमानवी हस्तकांना रस्त्यावर सोडतो, 'पर्सुएडरट्रॉन' नावाच्या उपकरणाने लोकांची मनं ताब्यात घेतो आणि जिंकलेल्या प्रदेशावर कर किती लावायचा ते ठरवतो. शॉन कूपर यांनी घडवलेला हा गेम विलक्षण आहे. त्यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हस्तक इमारतीत शिरले की ते आपल्याला दिसेनासे होतात. 'सिंडिकेट'च्या शहराला छप्पर होतं. दोन वर्षांनी 'क्रुसेडर'ने ते काढलं.

काचेची घरं

आता दुसरी वंशावळ. बिघडलेल्या उद्याच्या कथा सांगणाऱ्या परंपरेला डिस्टोपिया म्हणतात. तिचा एक मोठा पूर्वज म्हणजे येव्गेनी झाम्यातिन. त्यांची 'वी' ही कादंबरी १९२०-२१च्या सुमारास लिहिली गेली आणि १९२४ साली आधी इंग्रजीत प्रसिद्ध झाली. स्वतःच्या देशात, रशियात, ती छापून यायला १९८८ साल उजाडावं लागलं. तिच्यातल्या शहरात घरं काचेची आहेत. शेजारी काय करतो ते सगळ्यांना दिसतं आणि पडदे ओढायची परवानगी ठरलेल्या तासांपुरतीच मिळते. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४९च्या कादंबरीत भिंतीवर टेलिस्क्रीन बसवला. तोही पडदा, पण तोच तुमच्याकडे बघतो. या परंपरेतल्या राज्यकर्त्याला घर उघडं लागतं. राहणाऱ्याला भिंती आहेत असं वाटतं आणि वरच्याला त्या अडवत नाहीत.

पुढे वरचा बदलला. सरकारच्या जागी कंपनी आली. फ्रेडरिक पोल आणि सिरिल कॉर्नब्लुथ यांच्या 'द स्पेस मर्चंट्स' या १९५३च्या कादंबरीत जाहिरात कंपन्यांनी जग वाटून घेतलंय. १९८२च्या 'ब्लेड रनर'मध्ये टायरेल कंपनी माणसासारखी माणसं बनवून विकते. १९८४च्या 'न्यूरोमॅन्सर'मध्ये विल्यम गिब्सन यांनी कंपन्यांच्या साम्राज्यांभोवती संगणकी जग विणलं. १९८७च्या 'रोबोकॉप'मध्ये पोलीसखातंच कंपनी चालवते. नव्वदीच्या दशकात गेम बनवणारी मुलं या पुस्तकांवर आणि सिनेमांवर वाढली होती.

या दोन वंशावळी 'क्रुसेडर'मध्ये एकत्र येतात. कारागिराने जोडणीसाठी उघडी केलेली वस्तू आणि राज्यकर्त्याने पाळतीसाठी उघडं केलेलं घर, दोन्ही एकाच कोनातून दिसतात. खोलीच्या कोपऱ्यात, छताच्या जरा खाली महासंघाचा कॅमेरा टांगलेला असतो. आपला डोळाही जवळपास तिथेच आहे. महासंघाच्या नजरेने आपण महासंघाच्याच कारखान्यात पाहतो, आणि त्या नजरेचा उपयोग करून तो मोडतो. या गेमवर माझा जो जीव जडला, त्याचं मूळ मला इथे सापडतं.

एका खोलीत

एक खोली जवळून बघू. दार उघडलं की समोर लांब दालन. डावीकडच्या भिंतीवर कॅमेरा हळूहळू वळतोय. त्याच्या टप्प्यात आलो तर गजर वाजणार आणि पहारेकरी धावत येणार. कॅमेऱ्याची पाठ फिरली की सायलेन्सर कोलांटी मारून पिंपांच्या मागे जातो. अरो कीजवर त्याला वळवणं सवयीचं व्हायला दोन-तीन संध्याकाळी जातात, कारण तो पडद्याच्या हिशेबाने नव्हे, स्वतःच्या हिशेबाने डावी-उजवीकडे वळतो. एकदा हात बसला की बोटं आपोआप चालतात. नेम धरला की लक्ष्यावर लाल खूण उमटते. माणूस दिसतोय तसं पिंपही दिसतंय. पिंपाला गोळी मारली तर स्फोट होतो, शेजारचं पिंप पेटतं, काच फुटते, टेबल उडतं, खुर्च्या कोळसा होतात. आधीच्या बहुतेक गेममध्ये सामान म्हणजे रंगवलेला देखावा असे. इथे बरंचसं सामान खरंच मोडतं.

पुढचं दार बंद आहे. त्याचं कार्ड कुणाच्या तरी खिशात असणार. नसेल तर छोटा कोळी सोडायचा: दूरवरून चालवता येणारा, स्फोटकं भरलेला यांत्रिक कोळी. आपण त्याला चालवतो तेव्हा सायलेन्सर जागच्या जागी उभा असतो, असुरक्षित. एकाच वेळी दोन जिवांची काळजी. कोळी पहारेकऱ्यांच्या पायांत पोचतो. मामाकडे त्या क्षणी सगळे श्वास रोखून बसायचे, मामीसुद्धा.

याच खोलीत साधे कर्मचारीही असतात. पांढऱ्या कोटातला शास्त्रज्ञ, टेबलामागचा कारकून. त्यांच्याकडे शस्त्र नाही. गोळीबार सुरू झाला की ते घाबरून पळतात. त्यांना मारलं तर गेम शिक्षा करत नाही, आणि त्यांच्या खिशातले पैसे वीझलच्या दुकानात चालतात. निःशस्त्रांवर गोळी न झाडणाऱ्या माणसाची ही कथा, आणि झाडायची मोकळीक मात्र प्रत्येक खोलीत. तेव्हा आम्ही पोरांनी याचा फार विचार केला नव्हता. पैसे घेतले, बंदूक घेतली. पुढे पुन्हा खेळलो तेव्हा मी एकाही कारकुनाला हात लावला नाही. मोहीम अवघड झाली, पैसे कमी पडले, साध्या बंदुकीवर भागवावं लागलं. पण तेव्हाच मला हा गेम पूर्ण कळला. पहिल्या दृश्यातला नकार गेमने आयता दिला होता. पुढचा प्रत्येक नकार खेळणाऱ्याला स्वतः द्यावा लागतो, आणि त्याची किंमतही त्यानेच मोजायची असते.

ठेका आणि इंजिन

नव्या कोऱ्या सामानातून हे काहीच उभं राहिलं नव्हतं. गेम चालवणारं इंजिन आलं होतं ओरिजिनच्याच 'अल्टिमा ८ : पेगन'मधून. १९९४चा हा तलवारी नि मंत्रांचा गेम. त्यातल्या उड्या मारायच्या प्रसंगांवर खेळणारे इतके वैतागले की स्टुडिओला नंतर दुरुस्ती काढून उड्या सोप्या कराव्या लागल्या. झुरोवेक यांच्या गटाने ते इंजिन घेतलं, चित्राची स्पष्टता ६४० बाय ४८० ठिपक्यांवर नेली आणि तलवारीच्या जागी बंदूक दिली. मोहिमांमधल्या चित्रफितींची कल्पना घरचीच म्हणायची; ओरिजिनने आदल्याच वर्षी 'विंग कमांडर ३'मध्ये मार्क हॅमिल यांच्यासारखा नट आणून गेमला सिनेमा जोडला होता.

संगीताची वाट तर आणखी लांबची. १९८७ साली कार्स्टन ओबार्स्की यांनी अमिगा संगणकासाठी 'अल्टिमेट साउंडट्रॅकर' लिहिला. त्यात पूर्ण गाणं ध्वनिमुद्रित करून ठेवत नाहीत. ढोलाचा एक ठोका, बासचा एक सूर असे इवलेसे आवाज साठवायचे आणि कुठला आवाज कधी, किती उंच वाजवायचा याची उभी यादी लिहायची. फाइल लहान राहते आणि संगणक ते संगीत जागच्या जागी वाजवतो. युरोपातल्या हौशी पोरांनी या रीतीवर स्वतःचा संगीतसंसार उभा केला. त्याच संसारात नेक्रॉस या नावाने गाजलेले अँड्र्यू सेगा आणि त्यांचे साथीदार डॅन ग्रँडप्रे यांनी 'स्ट्रेलाइट प्रॉडक्शन्स'तर्फे 'क्रुसेडर'चं संगीत केलं. 'न्यूरोमॅन्सर' वाचलेल्यांना स्ट्रेलाइट हा शब्द ओळखीचा वाटेल. तो कोरडा, धावता ठेका आजही कानावर आला की माझी बोटं अरो कीज शोधतात.

उतरणीची वर्षं

१९९६ साली दुसरा भाग आला, 'क्रुसेडर : नो रिग्रेट'. कथा चंद्रावरच्या खाणींत गेली, मोहिमा दहा. त्याच वर्षी 'क्वेक' हा गेम आला आणि त्रिमितीय चित्रं झपाट्याने काढणारी व्हूडू कार्डं बाजारात आली. आता पात्राच्या डोळ्यांतून बघता येत होतं, मान वर करून छत बघता येत होतं. छप्पर परत आलं. कोपऱ्यातून बघणं एका रात्रीत जुनाट ठरलं. तिसऱ्या भागाच्या कल्पना कागदावरच राहिल्या. झुरोवेक ओरिजिन सोडून डिजिटल अ‍ॅन्व्हिल या नव्या स्टुडिओत गेले. १९९७च्या 'अल्टिमा ऑनलाइन'नंतर ओरिजिनचं लक्ष ऑनलाइन खेळांकडे वळलं. १९९२ साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने विकत घेतलेला हा स्टुडिओ २००४ साली बंद झाला.

गेम मात्र टिकला, आणि तो टिकवला खेळणाऱ्यांनी. डॉसच पडद्याआड गेलं तेव्हा स्वयंसेवकांनी 'डॉसबॉक्स' लिहिलं, ते नव्या संगणकात जुना संगणक उभा करतं. जुने गेम रीतसर विकणाऱ्या पोलंडच्या गॉगने २०११ साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्सशी करार केला आणि पुढे 'क्रुसेडर'चे दोन्ही भाग तिथे मिळू लागले. 'स्कमव्हीएम' या स्वयंसेवी प्रकल्पात आता 'क्रुसेडर'साठीही सोय आहे. त्यात मूळ गेमचं चित्र-संगीत वापरून तो चालवणारं इंजिन लोकांनी नव्याने लिहिलंय.

तो कोनही परत आला. 'सिंडिकेट वॉर्स'वर काम केलेल्या माइक डिस्केट यांच्या ऑस्ट्रेलियातल्या चमूने लोकवर्गणीतून 'सॅटेलाइट रेन' उभारला, तो २०१५ साली आला. २०१७ साली वॉर्सातून 'रुइनर' आला. २०२१ साली स्वीडनच्या निऑन जायंट स्टुडिओने 'द असेंट' काढला. त्यात कंपनीकडे करारबद्ध असलेले मजूर एका अवाढव्य इमारत-शहरात राबतात आणि एके दिवशी ती कंपनीच कोसळते. ताकदवान त्रिमितीय इंजिन हाताशी असूनही या चमूंनी नजर मुद्दाम वर, तिरकी ठेवली. फॅरिश यांनी गरजेपोटी काढलेली, स्टॅम्पर बंधूंनी ४८ किलोबाइटच्या नाइलाजाने वापरलेली रीत आता आवडीने निवडली जाते.

आठवण कशाची येते

नॉस्टॅल्जिया हा शब्द १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बासेलमध्ये घडवला. परमुलखात राहणाऱ्या स्विस लोकांना, त्यातही भाडोत्री सैनिकांना, घराच्या ओढीने जडणाऱ्या आजाराचं ते नाव. आपण त्याला स्मरणरंजन म्हणतो. आपल्या शब्दात रंजन आहे, होफरच्या शब्दात वेदना. मला दोन्ही पटतात. मामाचं ते घर आता नाही, तिथे इमारत उभी आहे. चौदा इंची मॉनिटर, त्यावरचं क्रोशाचं कव्हर, पावसात जाणारी वीज आणि न साठवलेली मोहीम, हे रंजन. पण मी 'क्रुसेडर' पुन्हा लावतो तो एवढ्यासाठी नाही.

तेव्हा कॅमेरा ही उद्याच्या शहरातली गोष्ट होती. आज सोसायटीच्या जिन्यात, चौकात, दुकानात, लिफ्टमध्ये तो आहे, आणि बहुतेक ठिकाणी त्याची जागा तीच: कोपरा, छताच्या जरा खाली. फुटेज बघायला वॉचमनच्या खोलीत गेलो की मला तोच कोन ओळखू येतो. आपणही आता छप्पर काढलेल्या घरात राहतो. त्या लाल माणसाने मला सतरा-अठरा वर्षांच्या पोराला समजेल इतक्या सोप्या रीतीने एक गोष्ट शिकवली होती. व्यवस्था तुम्हाला गणवेश देईल, बळ देईल, वरची नजरही देईल. आणि तरी हुकूम चुकीचा असेल तर नाही म्हणायचा अधिकार तुमच्याकडे उरतो. उत्तम गेम कुठला असं कुणी विचारलं तर मी अजून हेच नाव घेतो. त्यातल्या त्रुटींसकट.

एक विनंती करतो. घरात माळ्यावर किंवा कपाटाच्या तळाशी जुन्या सीड्यांचा डबा असेल तर या रविवारी खाली काढा. सीडी कायमची नसते. चंदेरी थर सुटतो, ओरखडे पडतात, घरी रेकॉर्ड केलेल्या सीड्या तर आणखी लवकर जातात, आणि सीडी वाचणारे ड्राइव्हही आता नव्या संगणकांत सहसा मिळत नाहीत. बाहेरचा ड्राइव्ह मागून आणा, वाचता येतं ते हार्ड डिस्कवर उतरवा, प्रत्येकावर साल आणि नाव लिहा. मग घरातल्या पोरांना शेजारी बसवून एक गेम लावून दाखवा. त्यांनी विचारलं, या घराला छप्पर कसं नाही, तर घाईने उत्तर देऊ नका. सावकाश सांगा.